पाणी कोठे, हरिणी तेथे

सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांचे लांछन मृग आहे. हरिणाविषयीची ममता त्यामुळे जैन घरांत बालपणापासूनच रुजते. उन्हाळा आला की अनेक कुटुंबे पक्ष्यांसाठी पाण्याचे परळ ठेवतात, पांजरपोळांच्या हौदांना देणगी देतात, रानातील पाणवठ्यांसाठी टँकरचा खर्च उचलतात. या सत्कर्मात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : पाणी नेमके कोठे ठेवावे? पेढीची जागा चुकली तर उत्तम मालही पडून राहतो, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. पाणवठ्याची जागा चुकली तर नुकसान मुक्या जिवाचे होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या डोंगरांत या प्रश्नाचा अनेक दशके अभ्यास झाला आहे. हा अभ्यास प्रामुख्याने ‘म्यूल डिअर’ या हरिणाभोवती फिरतो.

कोरडे डोंगर, मोठे कान

म्यूल म्हणजे खेचर. खेचरासारख्या लांब कानांमुळे या हरिणाला हे नाव पडले. रॉकी पर्वतापासून युटा, नेवाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरांपर्यंत त्याचा वावर आहे. नेवाडात एकामागून एक डोंगररांगा आणि त्यांच्या मध्ये झुडपांनी भरलेली रुक्ष खोरी आहेत. हिवाळ्यात उंचावर बर्फ साठतो, वसंतात तो वितळतो आणि भर उन्हाळ्यात मोजक्या झऱ्यांपाशीच पाणी उरते.

हरिणाला पाणी तीन मार्गांनी मिळते : कोवळ्या पानांतील ओलावा, दव व बर्फ, आणि झरा किंवा डबके. वसंतात पाला रसरशीत असतो, तेव्हा झऱ्याची गरज फारशी भासत नाही. पाला वाळू लागला की तोच प्राणी पाण्याला बांधला जातो. म्हणूनच एकाच डोंगरावर एप्रिलमध्ये सर्वत्र पांगलेली हरिणे जुलैत झऱ्यांच्या आसपास दिसू लागतात. पावसाच्या सरी येताच ती पुन्हा विखुरतात.

आईची तहान

पाण्याची ही ओढ नर आणि मादी यांच्यात सारखी नसते. म्यूल डिअरची हरिणी सुमारे सात महिने गर्भ वाहते. बहुतेक ठिकाणी पाडसे उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मतात आणि बहुधा जुळी असतात. दूध पाजणाऱ्या हरिणीची पाण्याची गरज नेमकी उष्ण दिवसांत वाढते. अशक्त पाडसांना मागे ठेवून तिला दूर जाता येत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात हरिणी पाण्याच्या जवळ राहतात, तर नर दूरच्या, चढणीच्या प्रदेशात चरत राहतात. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत झालेल्या अभ्यासांतही हा फरक दिसून आला.

ॲरिझोनात 1980च्या दशकात अभ्यासकांनी काही कृत्रिम पाणवठे तात्पुरते बंद करून पाहिले. हरिणींनी आपला नेहमीचा टापू सोडला, अनोळखी भागात जाऊन पाणी शोधले आणि पिऊन झाल्यावर त्या परत आल्या. तहान भागली, पण प्रत्येक खेपेला अधिक श्रम पडले आणि माहीत नसलेल्या वाटांवरील धोका वाढला. झरा आटला म्हणून हरीण लगेच मरत नाही. त्याच्या आयुष्याचा नकाशा मात्र बदलतो, आणि त्याची किंमत पाडसे मोजतात.

छपराचे पाणी, रानाची टाकी

झरे अपुरे पडतात तेथे अमेरिकेत 1940च्या दशकापासून पावसाचे पाणी साठवणारे पाणवठे बांधले जात आहेत. प्रारंभी ते लावे आणि तत्सम पक्ष्यांसाठी होते. पुढे हरिणे आणि रानमेंढ्यांसाठीही बांधले गेले. त्यांची रचना साधी असते. उतारावर पत्र्याचे छप्पर किंवा पक्का उतरता चौथरा असतो. त्यावर पडलेले पाऊस-बर्फाचे पाणी नळीने टाकीत जाते आणि टाकीतून लहानशा कुंडात येते. अशा पाणवठ्यामुळे चारा असूनही पाण्याअभावी ओस पडलेला डोंगरउतार हरिणींना राहण्याजोगा होऊ शकतो.

हेच पाणी घातकही ठरू शकते. म्यूल डिअरचा मुख्य शत्रू म्हणजे प्यूमा, हा दबा धरून झडप घालणारा मोठा मार्जार. दाट झाडीला खेटून असलेले कुंड त्याला आडोसा पुरवते. मोकाट घोडे आणि गुरे झऱ्यावर ठाण मांडतात, तेव्हा हरिणे बिचकून दूर राहतात. एकाच कुंडावर दाटी झाली की आसपासचा चारा संपतो. शिवाय रोगाचे भय असते. 1967 साली कोलोरॅडोतील बंदिस्त म्यूल डिअरमध्ये प्रथम दिसलेला, हरिणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग लाळ, मूत्र आणि विष्ठेतून पसरतो, आणि त्याचे दूषित प्रथिन मातीत दीर्घकाळ टिकते. म्हणून हरिणांची गर्दी एका जागी होऊ नये, याकडे तेथील वनाधिकारी लक्ष देतात.

आणखी एक बाब जैन मनाला विशेष भिडेल. उभ्या, गुळगुळीत भिंतींच्या हौदात पाणी प्यायला आलेले पक्षी, खारी, वटवाघळे पडतात आणि बाहेर येता न आल्याने बुडून मरतात. यावर उपाय म्हणजे हौदाच्या आत तळापर्यंत पोहोचणारा खडबडीत उतार किंवा जाळीची शिडी. खर्च अल्प, पण कित्येक जीव वाचतात. जयणा याहून निराळी ती काय!

भाव आणि विवेक

या कथेला एक कटू बाजूही आहे. अमेरिकेत वन्यजीवांवरील खर्चाचा मोठा भाग शिकारीचे परवाने आणि 1937च्या कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर बसणारा कर यांतून येतो. अनेक पाणवठे शिकाऱ्यांच्या संघटनांनी स्वखर्चाने आणि श्रमाने उभारले आहेत. हरिणे वाढावीत, म्हणजे शिकार मिळेल, हा त्यामागील एक हेतू असतो. कुंडातील पाणी तेच, तहान तीच. पण देणाऱ्याचा भाव वेगळा. जैन दृष्टी या हेतूला अनुकंपा म्हणणार नाही. मात्र त्या डोंगरांत मिळालेले ज्ञान घेण्यास हरकत नाही. आपला भाव शुद्ध असला तरी ज्ञानावाचून दिलेले पाणी जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्रातील दात्यांना हे ज्ञान थेट उपयोगी आहे. चितळाला उन्हाळ्यात पाणी जवळ लागते, तर काळवीट आणि चिंकारा हे माळरानावरचे प्राणी रुक्षपणा पुष्कळ सोसतात. त्यामुळे सर्व रानांना एकच मोजमाप लागू पडत नाही. गावाला खेटून बांधलेल्या हौदावर हरिणे येतात आणि त्यांच्यामागे मोकाट कुत्री लागतात. म्हणून देणगीचा धनादेश लिहिण्यापूर्वी वनखात्याला चार प्रश्न विचारावेत : येथे कोणते प्राणी आहेत? जवळ चारा आहे का? नैसर्गिक झरा दुरुस्त करून भागेल का? हौदात पडलेला लहान जीव बाहेर येऊ शकेल का? पाचवा प्रश्न स्वतःला विचारावा : हौद स्वच्छ ठेवण्याची आणि तो वैशाखअखेरपर्यंत भरलेला ठेवण्याची जबाबदारी कोण घेणार? रोजच्या पाण्याची सवय लागलेली हरिणी भर उन्हात कोरड्या हौदाशी येऊन उभी राहिली, तर पाटीवर कोरलेले दात्याचे नाव तिची तहान भागवू शकत नाही.