रंग मागाहून, ब्रेक आधी!

पुरुषमंडळींना केव्हा कशाचं वेड लागेल, सांगता येत नाही. हसनाबादला आमच्या ओळखीच्या एका घरी सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली पहिली गाडी, १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. वर कडब्याच्या पेंढ्या, आत उंदरांची बाळंतपणं! यंदा मुलाच्या मनानं घेतलं, गाडी नवी करायची. रुंद टायर, दणदणीत आवाजाचा सायलेन्सर, लालभडक रंग! वहिनींनी एवढंच विचारलं, "पण बाळा, ती थांबणार कशी?"

प्रश्न अगदी नेमका होता. ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' म्हणू लागले. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगपाशी आणि चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. उभ्या गाडीत ब्रेकचे रबर सुकतात, तेल खराब होतं, नळ्या गंजतात. तेव्हा भिशीचे पैसे द्यायचेच तर पहिले इथं द्यावेत. वहिनींनी तसंच केलं. सायलेन्सरचं ज्याचं त्यानं बघावं!

टायरचंही तसंच. नक्षी शाबूत दिसली म्हणून भुलू नका. आताच्या टायरच्या कडेला चार आकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. कडेला भेगा पडल्या असतील तर तो टायर मुलाबाळांना घेऊन जायच्या कामाचा नाही.

आणखी एक भीती पेट्रोलची. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचंच, पण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. नळी झिरपली की तापलेल्या इंजिनाजवळ आग लागायला वेळ लागत नाही. त्या नळ्या बदलून घ्या. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही नुसती चिकटपट्टी लावून वापरू नका.

गंज मात्र घरच्या बाईच्या नजरेला आधी दिसतो. पायपुसणी उचला, खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. भोक पडलं तर तिथं नवा पत्रा जोडावा लागेल. वरून रंग देणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना. पट्टे बसवायचे तेही असल्या कुजक्या पत्र्याला नव्हेत, मजबूत जागेलाच.

आता कागदांकडे वळू. मिस्त्रीला ॲडव्हान्स देण्याआधी गाडीचं पुस्तक शोधा. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि फार जुन्या गाड्यांसाठी नंतर आणखी वाढली. रंग बदलला तर आर.टी.ओ.कडे नोंदवावा लागतो. कंपनीच्या मूळ बांधणीत वाटेल तसा बदल करायला कायद्याची मनाई आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला दुसरीही वाट आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण सांगाडा, बॉडी, इंजिन यांत फारसा बदल केलेला चालत नाही, आणि प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे अंगारकीला सगळ्यांनी मिळून राजूरच्या गणपतीला जायचं असेल, तर ही नोंद उपयोगाची नाही. गाडी मिरवायची की वापरायची, हे घरात बसून आधी ठरवा. रुंद टायर आणि व्हिंटेजची पाटी, दोन्ही हट्ट एकदम पुरवायला निघालात तर पैसे जातील आणि हाती काहीच लागणार नाही.

बंपरचा वरवरचा गंज काढायला मात्र गॅरेज नको. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासा, पुसून कोरडं करा. आसनांची खोळ घरी शिवणार असाल तर रेक्झिनला मशीनची १८ नंबरची सुई लावा आणि टाका मोठा ठेवा. बारीक टाक्यानं रेक्झिन रेघेवर फाटतं.