हळद हळदीसारखीच दिसू द्या : फोटोत खरा रंग कसा आणायचा

मैत्रिणींनो, आपल्या गटांची हळद, तिखट, पापड, शेवया आता अमडापूरच्या बाजारापुरत्या राहिल्या नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघूनही लोक ऑर्डर देतात. अशा गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेता येत नाही, वास घेता येत नाही. पापड पिवळट दिसले तर ते जुने वाटतात. हळद फिकी दिसली तर हलक्या प्रतीची वाटते, भडक दिसली तर रंग मिसळल्याचा संशय येतो. माल चांगला असूनही ऑर्डर हातची जाते.

असं का होतं?

प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. पिवळ्या बल्बचा उजेड तांबूस, भर दुपारचा पांढरा, सावलीतला थोडा निळसर. आपले डोळे हे आपोआप सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. यालाच 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. 'ऑटो'वर कॅमेरा अंदाज बांधतो. फोटोभर नुसती हळदच असली तर त्याला उजेडच पिवळा वाटू शकतो. मग तो पिवळेपणा कमी करतो आणि हळद फिकी पडते.

मग काय करायचं?

१. उजेड एकच ठेवा. खिडकीजवळ फोटो काढताना घरातला बल्ब बंद करा. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की कोणतंच सेटिंग नीट बसत नाही.

२. निळी ताडपत्री, हिरवी नेट, रंगीत भिंत यांच्याजवळ माल मांडू नका. त्यांचा रंग मालावर उतरतो.

३. हळदीची वाटी पांढऱ्या ताटात किंवा कोऱ्या कागदावर ठेवा. कॅमेऱ्याचा अंदाज सुधारतो आणि रंग चुकला तर तुम्हालाही लगेच कळतं.

४. मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'प्रो' असेल तर त्यात 'डब्ल्यूबी' शोधा. तिथे आकडे असतात. पिवळ्या बल्बला साधारण ३०००, दुपारच्या उन्हाला ५५००, सावलीला ७०००. आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, कमी केला की निळा. कागद पांढरा दिसेपर्यंत आकडा पुढेमागे करा.

५. गटाकडे डिजिटल कॅमेरा असेल तर 'कस्टम' सेटिंग वापरा. माल जिथे ठेवायचा, तिथेच पांढरा कागद धरून फ्रेमभर त्याचा फोटो घ्या आणि तोच नमुना म्हणून निवडा. जागा किंवा उजेड बदलला की हे पुन्हा करायचं.

फोटो पाठवण्याआधी मोबाइल मालाशेजारी धरून दोन्ही रंग ताडून बघा. तिखट जास्त लाल दिसावं म्हणून फिल्टर मात्र लावू नका. पार्सल उघडल्यावर रंग वेगळा निघाला तर गिऱ्हाईक फोटोला नाही, आपल्या गटाला नाव ठेवतं. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक वस्तू आणि एक कोरा कागद आणा. तिथेच सगळ्या मिळून करून बघू.