थांबून पाहणारी पाच वर्षं

सप्टेंबर २०२० मध्ये इकडे थिएटरांना कुलपं होती आणि तिकडे व्हेनिसच्या महोत्सवात एका मराठी चित्रपटाला पटकथेचं पारितोषिक मिळत होतं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’नंतर जवळपास दोन दशकांनी भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. आपल्याला तो बघायला मिळाला पुढच्या एप्रिलअखेरीस, घरबसल्या, नेटफ्लिक्सवर. त्यात माई या गायिकेचा आवाज दिग्दर्शक सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट घरोघरी पोहोचायच्या काही दिवस आधीच सुमित्राताई गेल्या.

गाण्यातल्या मंडळींची एक तक्रार तेव्हा कानावर यायची. चित्रपटातला हा होतकरू शास्त्रीय गायक शरद नेरुळकर वाईट गातो की बरा गातो, तेच कळत नाही म्हणे. मला तर चित्रपटाचं सगळं बळ त्यातच दिसतं. शरद बेसूर नाही. मेहनतीतही कमी पडत नाही. फक्त ‘ते’ त्याच्याकडे नाही, आणि ते नाही हे स्वतःला सांगायला त्याला उमेदीची सगळी वर्षं लागतात. ताम्हाणे यांनी भूमिकांसाठी गाणारी माणसंच घेतली. शरद झालेले आदित्य मोडक गायक आहेत, गुरुजी झालेले अरुण द्रविड मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. त्यामुळे तालीम चालू असते तेव्हा कॅमेऱ्याला फार काही करावं लागत नाही. तो लांब बसतो आणि ऐकतो. माहितीपटाची ही बैठक आहे, कथापटात आणून मांडलेली. पुढच्या पाच वर्षांत आपल्याकडे जे चांगलं घडलं त्यातलं बरंचसं याच बैठकीतून आलं, असं मागे वळून पाहताना वाटतं.

खुद्द माहितीपटांचे दिवस तर असे होते की त्यांची आधी सवय नव्हती. पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला २०२१ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ‘गोल्डन आय’ मिळाला, पुढच्याच वर्षी तोच मान शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला. २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं ऑस्करच्या माहितीपटांच्या अंतिम पाचांत भारतातल्या माणसांची गोष्ट होती.

पायल यांचा माहितीपट पुण्याने खरं तर आपला मानायला हवा होता. फिल्म इन्स्टिट्यूटमधला २०१५ चा १३९ दिवसांचा संप त्याच्या मुळाशी आहे. एका मुलीची प्रियकराला लिहिलेली पत्रं, खरखरीत काळी-पांढरी दृश्यं आणि त्यांतून पसरत जाणारं देशातलं वातावरण. काही ठिकाणी पत्रांचा सूर फार हळवा होतो, पण वसतिगृहातल्या नाचण्यात आणि मोर्च्यातल्या गर्दीत तीच पोरं दिसतात तेव्हा तो हळवेपणा खपून जातो.

‘रायटिंग विथ फायर’बद्दल मात्र माझं मत अजून दोलायमान आहे. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’च्या बातमीदार बायका हातात स्मार्टफोन घेऊन खाणमाफियापासून पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतात, हे बघताना ऊर भरून येतो. पण ऑस्करच्या सोहळ्याआधी त्याच संस्थेने जाहीर सांगितलं की ही आमची पुरी गोष्ट नव्हे, एकच बाजू उचलली आहे. ज्यांच्यावर माहितीपट आहे त्यांनीच असं म्हटल्यावर समीक्षकाने काय करायचं? दिग्दर्शकाला निवडीचा हक्क आहे, हे खरं. पण पुरस्काराच्या वाटेवर गोष्ट सोपी होत जाते, हेही या काळात दिसलंच. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ हे त्याचं गोड उदाहरण. बोम्मन, बेल्ली आणि हत्तीचं पिल्लू रघू यांच्यावर जीव जडतो. पण मुदुमलाईचं जंगल, तिथले आदिवासी आणि वनखातं यांच्यातला जुना ताण त्या सोनेरी उन्हात पार विरघळून जातो. ऑस्कर मिळालं, आनंद झाला, इतकंच.

‘ऑल दॅट ब्रीद्स’ तसा गोड नाही. दिल्लीत वझिराबादच्या एका तळघरात दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. बाहेर नागरिकत्व कायद्यावरून शहर तापलेलं आहे आणि ते घरात शिरतं ते फोनवरच्या बोलण्यातून, एखाद्या काळजीच्या वाक्यातून. घोषणा देणारं पात्र एकही नाही. कॅमेरा कचऱ्याच्या ढिगावरून, डबक्यावरून इतका सावकाश सरकतो की कधीकधी त्या सफाईचाच संशय येतो, दुर्गंधी इतकी देखणी कशी? मग त्यांचा मदतनीस सालिक रिक्षात बसल्या बसल्या शर्टाच्या खिशातून खारीचं पिल्लू बाहेर काढतो आणि संशय विसरायला होतो.

महाराष्ट्रात मात्र ज्याची सर्वांत जास्त चर्चा व्हायला हवी होती आणि झाली नाही, तो ‘अगेन्स्ट द टाइड’. सर्वनिक कौर यांच्या या माहितीपटाला २०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. मुंबईतले दोन कोळी दोस्त, राकेश आणि गणेश. राकेश वडिलांच्या होडीवर, किनाऱ्याजवळ, वाडवडिलांच्या रीतीने मासेमारी करतो. गणेश शिकलेला, कर्ज काढून मोठी बोट घेतलेला. खोल समुद्रात जाळं टाकूनही हप्ते निघत नाहीत, तेव्हा एलईडी दिव्यांनी मासळी ओढण्याच्या बेकायदा वाटेकडे वळणारा. आपल्याकडे अशा विषयात एकाला साधू आणि दुसऱ्याला खलनायक करून मोकळं होतात. इथे तसं नाही. दोघं दारू प्यायला बसतात, एकमेकांना शिव्या घालतात, पैशांचा हिशोब निघतो, मग बायकांचे स्वर चढतात. समुद्र आटत चाललाय हे दोघांनाही कळतं. राकेशला वाटतं गणेशसारख्यांनी तो ओरबाडला, गणेशला वाटतं राकेश मेलेल्या रीतीला कवटाळून बसलाय. दोघंही अर्धे बरोबर आहेत. संवाद कोळी बोलीत, आणि तो कुठेही प्रमाण मराठीत घासूनपुसून घेतलेला नाही. पर्यावरणाचं व्याख्यान न देता तापलेल्या समुद्राची गोष्ट सांगणारं इतकं चांगलं काम मी अलीकडे पाहिलेलं नाही.

कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला २०२४ मध्ये कानचं ग्रां प्री मिळालं. मुंबईवरचा हा चित्रपट बराचसा मल्याळममध्ये आहे, आणि मुंबई कोणाची या प्रश्नाचं त्याहून नेमकं उत्तर नाही. सुरुवातीला रात्रीच्या बाजारावरून कॅमेरा फिरतो आणि या शहरात पोट भरायला आलेल्यांचे आवाज ऐकू येतात, पुन्हा माहितीपटच. माझ्यासाठी चित्रपट छाया कदम यांच्या पार्वतीचा आहे. इस्पितळात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा. इतकी वर्षं राहत्या जागेचा एक कागद जवळ नाही म्हणून टॉवरवाले तिला हुसकतात आणि ती सरळ रत्नागिरीकडे आपल्या गावी निघते. रडारड नाही. बिल्डरच्या जाहिरातीवर दगड भिरकावते, तेवढाच सूड. उत्तरार्धात समुद्रकाठी चित्रपट स्वप्नात शिरतो, तिथे माझी पकड जरा सुटली.

मराठीत याच वळणाचे दोन चित्रपट २०२५ मध्ये पडद्यावर आले. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, गावातलीच माणसं घेऊन केलेला. पाहुणे येतात, मुलगी बसते, नाव-उंची-शिक्षण विचारतात, चहापोहे होतात, नकार येतो. मग पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. ही आवर्तनं कंटाळा येईपर्यंत चालवण्याची हिंमत सोमलकर यांनी केली, कारण त्या मुलीला, सविताला, त्या कंटाळ्यातून उठता येत नाही. कापसाचा भाव आणि हुंडा हे एकाच वहीत मांडले जातात, हे विदर्भातल्या कुठल्याही घराला सांगायला नको. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ सनडान्समध्ये पहिला आला, तिथे पोहोचलेला पहिला मराठी कथापट. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी अडकलेला आनंद आणि त्याचा जुना सोबती बाळ्या यांचं प्रेम. पार्श्वसंगीत अजिबात नाही. भावकी लग्नाचं विचारत राहते, आईला सगळं माहीत असतं आणि ती ते आपल्या पद्धतीने सांभाळून नेते. समलिंगी प्रेमाच्या गोष्टीत गावाला क्रूरच दाखवायचं, ही पठडी कानवडे यांनी मोडली.

एक कुरकुर नोंदवतो. थांबलेला कॅमेरा, मंद उजेड, संगीत वर्ज्य, हा आता महोत्सवांचा गणवेश होऊ पाहतोय. थांबणं वेगळं आणि काही सुचलं नाही म्हणून उभं राहणं वेगळं. म्हणून आशिष बेंडे यांच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’चा मला विशेष लोभ. तो एक क्षण स्वस्थ बसत नाही. शाळकरी प्रेम, जात आणि देशाचा इतिहास निवेदक एका दमात सांगत सुटतो, आणि हसता हसता घाव नेमका बसतो. पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, पण थिएटरात रांगा लागल्या त्या ‘बाईपण भारी देवा’ला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या रांगांनी मराठी पडदा तगवला.

माहितीपटांना अशी रांग कधीच नव्हती. पूर्वी सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं सक्तीने तरी दाखवली जात. आता १९४८ पासूनची ती संस्थाच एनएफडीसीत विलीन झाली. आनंद पटवर्धन यांच्यासारखा माणूस आजही आपला चित्रपट घेऊन लहान सभागृहांत फिरतो. त्यांचा २०२३ चा ‘वसुधैव कुटुंबकम्’ म्हातारपणातल्या आईवडिलांचा आहे. रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका, त्यामुळे घरगुती गप्पांतूनच स्वातंत्र्यलढा, नगर, सिंध आणि फाळणी येत राहते. उजेड धड नाही, फ्रेम हलते, आवाज कुठे कुठे फाटतो. या सगळ्या देखण्या कामांच्या रांगेत तो कच्चा दिसतो खरा. पण त्यातल्या म्हाताऱ्यांची आपसातली थट्टा कोणी लिहून दिलेली नाही आणि ती पकडायला मुलगा वर्षानुवर्षं कॅमेरा घेऊन घरात वावरला आहे.