सोंगलं, पण काढलं नाही

2025 च्या खरिपापासून राज्यानं पीकविम्यातून काढणीपश्चात नुकसानीचं संरक्षण वगळलं. एक रुपयातला विमाही त्याच झटक्यात गेला. आता महसूल मंडळातल्या पीककापणी प्रयोगाचा आकडा म्हणेल तेवढंच नुकसान. विमा गेल्याचा राग आहेच. पण त्यासोबत एक जुना तंटाही निकालाविना मिटला. काढणी म्हणजे नेमकं काय?

शब्दाच्या अर्थावरचा हा तंटा आमच्या वाशीमचा, आणि वाशीमला भाषेचे पेच नवे नाहीत. वत्सगुल्माचा, म्हणजे जुन्या वाशीमचा, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या एकाच ताम्रपटात संस्कृतही आहे नि प्राकृतही. त्यानंतरची दीड हजारांहून अधिक वर्षं मी सरळ ओलांडतो. मराठीसाठी 1964 चा राजभाषा अधिनियम आला. 1998 ला अकोल्यातून जिल्हा वेगळा निघाला, पाट्या बदलल्या.

शब्द खरे महाग पडले ते 2016 नंतर, विम्याच्या दशकात. आमच्याकडे कापूस वेचतात, भुईमूग उपटतात, सोयाबीन सोंगतात, म्हणजे कापतात. सोंगलेल्याची सुडी, म्हणजे ढीग, घालतात, वर ताडपत्री. मग सवडीनं थ्रेशरमधून काढतात. दाणा पोत्यात पडला की 'काढलं'. पीकविमा योजनेच्या कागदावर मात्र काढणी म्हणजे कापणी. कापून शेतात वाळत पसरलेल्या किंवा लहान पेंढ्या बांधलेल्या पिकालाच 14 दिवस संरक्षण होतं, तेही 72 तासांत कळवलं तर.

ऑक्टोबरात पाऊस झोडपून जायचा. नुकसान कळवायला लावलेल्या फोनवरची मुलगी विचारायची, काढणी झाली का? शेतकरी खरं तेच सांगायचा, "काहाडलं नाई मॅडम, सोंगलं हाय." तिकडे नोंद व्हायची उभ्या पिकाची. पाहणीला आलेल्याला वावर मोकळं दिसायचं. मग सुडी? ती पसरलेली नाही, पेंढीही नाही. कृषी सहायकाला फरक कळायचा, पण अर्जात त्याचा रकाना नव्हता. कंपन्या बदलल्या, अर्थ तोच राहिला. आणि त्या अर्थानं फायदा नेहमी एकाच बाजूचा झाला, हे मी योगायोग मानत नाही.

आता शब्दांची दुसरी जोडी चालू आहे. 2025 च्या अतिवृष्टीनंतर सरकारनं दिली ती 'मदत'. हप्ता भरून हक्कानं मागतात ती भरपाई; मदत देणाऱ्याच्या मर्जीची. सोयाबीनचा दोन टक्क्यांपर्यंतचा हप्ता पुन्हा शेतकऱ्याच्या खिशातून जातो, तरी हक्काचा शब्द सरकारी तोंडी येत नाही. रिसोडच्या बाजारात लोक विचारतात, "भरपाई आली का?" पेपरात छापून येतं, अनुदान.