ज्येष्ठ भाविकांच्या हाती स्मार्टफोन : शिकविणाऱ्यांसाठी व शिकणाऱ्यांसाठी काही सूचना

॥ श्री ॥



पलसाणा-कडोदरा परिसरातील यंत्रमाग आणि डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत काम करण्यासाठी धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे गावाशी असलेले नाते तुटले नाही. तथापि घर मात्र दोन ठिकाणी विभागले गेले. कोठे मुलगा येथे व आई-वडील गावी, तर कोठे आजी-आजोबा नातवंडांजवळ व त्यांची भावंडे खानदेशात. पूर्वी हे अंतर पत्राने आणि पुढे एसटीडी बूथने भरून निघत असे. आज ते काम बव्हंशी व्हॉट्सअॅपने होते. त्यावर २०१५ साली आवाजी कॉलची आणि २०१६ साली व्हिडिओ कॉलची सोय झाली.

अनेक घरांत फोन आजोबांच्या उशाशी असतो, परंतु तो लावण्यासाठी नातवाची वाट पाहावी लागते. मुलगा व सून पाळीवर गेलेली आणि नातवंडे शाळेत, अशा वेळी छातीत दुखू लागले अथवा गावाकडून कोणाच्या निधनाची वार्ता आली, तर तो फोन असून नसल्यासारखाच ठरतो. म्हणूनच आमचे सांगणे एवढेच आहे की, ज्येष्ठांचा फोन आपण चालवून देऊ नये. तो त्यांना त्यांच्या हाताने चालविता आला पाहिजे.

१) प्रथम फोन त्यांच्या सोयीचा करावा

नातवंडे गुजराती माध्यमात शिकत असल्याने कित्येक घरांत फोनची भाषा गुजराती अथवा इंग्रजी ठेवलेली असते. आजी-आजोबांची अक्षरओळख मात्र देवनागरीची. सेटिंग्जमध्ये फोनची भाषा मराठी करावी. व्हॉट्सअॅपही मराठीत उपलब्ध आहे. अक्षरांचा आकार मोठा करावा व घंटीचा आवाज वाढवावा.

नित्य लागणारी चार-पाच माणसे पहिल्याच पडद्यावर छायाचित्रासह ठेवावीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना चेहरा ओळखून फोन लावता येतो. नावेही त्यांच्या बोलण्यातलीच असावीत : 'मोठा मुलगा', 'शिरपूरची बहीण', 'डॉक्टर'.

वयोमानाने बोट पडद्यावर किंचित अधिक वेळ टेकते. फोन त्याला 'दाबून धरणे' समजतो व भलतेच काही उघडते. 'मला हे जमत नाही' असे ज्येष्ठ म्हणतात, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. अँड्रॉइड फोनच्या अॅक्सेसिबिलिटी या विभागात हा अवधी वाढविता येतो. तो अवश्य वाढवावा.

२) शिकविण्याचा क्रम

एका बैठकीत एकच गोष्ट शिकवावी. पहिल्या दिवशी आलेला फोन उचलणे व ठेवणे. ते अंगवळणी पडल्यावर स्वतः फोन लावणे. त्यानंतर आवाजी संदेश. आणि शेवटी व्हिडिओ कॉल. शिकविणाऱ्याने फोन आपल्या हाती घेऊ नये. शेजारी बसावे, बोटाने दाखवावे आणि थांबावे. 'द्या इकडे, मी करून देतो' असे म्हटल्याने काम त्वरित होते, परंतु शिकणे तेथेच थांबते. चूक झाली तरी फोन बिघडत नाही, हे पुनःपुन्हा सांगावे. घरी उजळणीसाठी मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहिलेला कागद द्यावा.

३) आवाजी संदेश

आमच्या मते ज्येष्ठांसाठी सर्वांत उपयुक्त सोय हीच होय. संभाषणाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात माईकचे चिन्ह असते. ते दाबून धरावे, बोलावे व बोट उचलावे, संदेश जातो. बोट फार वेळ धरवत नसल्यास ते वर सरकवावे, म्हणजे बोट उचलले तरी ध्वनिमुद्रण चालू राहते. संदेश नको असल्यास बोट डावीकडे सरकवावे.

यात लिहिणे नाही, वाचणे नाही. अहिराणीत बोलावे, अहिराणीतच उत्तर ऐकावे. पाळीवर असलेल्या मुलाला सुटी झाल्यावर आईचे बोलणे सावकाश ऐकता येते. श्रावणात गावी कानबाईचा उत्सव असतो आणि सर्वांनाच जाणे साधत नाही, तेव्हा तेथील गीतांचा आवाज येथे बसून ऐकल्याने ज्येष्ठांना किती समाधान होते, हे निराळे सांगावयास नको.

४) आलेला प्रत्येक संदेश पुढे पाठवू नये

देवाचे चित्र व सुविचार पुढे पाठविणे ज्येष्ठांना आवडते; त्यात वावगे काही नाही. परंतु 'सावध राहा, सर्वांना कळवा' अशा संदेशांबाबत विवेक ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा अशाच संदेशांतून पसरली होती आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध व्यक्तींची हत्या केली. ते भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. ज्या समाजाला आपल्या दारी भिक्षा मिळत आली, त्यातील माणसे एका अफवेला बळी पडली, ही गोष्ट कोणाही भाविकाने विसरू नये.

देशातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. अनेकदा पुढे गेलेल्या संदेशावर आता दुहेरी बाणाची खूण दिसते आणि २०२० सालापासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. ती खूण दिसली की हा संदेश पाठविणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही, असे समजावे. ओळखीच्या माणसाकडून आला म्हणजे खरा, असे नव्हे.

५) फसवणुकीपासून सावधगिरी

पुढील बाबी ज्येष्ठांना भीती न घालता, शांतपणे समजावून द्याव्यात.

• ओटीपी, म्हणजे फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक, कोणालाही सांगू नये; बँकेचे नाव सांगणाऱ्यासही नाही.
• यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. 'पैसे मिळण्यासाठी पिन टाका' असे कोणी म्हणाल्यास ती फसवणूकच होय.
• पोलीस अथवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करीत नाही. 'डिजिटल अटक' असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या 'मन की बात'मध्ये हा इशारा दिला होता. असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा व घरच्यांना सांगावे.
• व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये सहा अंकी पिनची सोय आहे, ती चालू करून घ्यावी. अनोळखी क्रमांकांचे कॉल आवाज न करता यावेत, अशीही व्यवस्था प्रायव्हसी या विभागात करता येते.
• पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

फसविला गेलेला ज्येष्ठ पुष्कळदा लाजेने गप्प राहतो, आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. घरातील तरुणांनी 'तुम्हाला सांगितले होते ना' असे न म्हणता प्रथम तक्रार नोंदवावी.

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. दोन्ही १९३० सोबत कागदावर लिहून फोनजवळ ठेवावेत.

विनंती

सायंआरतीनंतर मंदिराच्या सभामंडपात अनेक ज्येष्ठ काही काळ बसतात. आपल्यातील विद्यार्थी व तरुण भाविकांनी त्या वेळी एकेका आजी-आजोबांजवळ पंधरा मिनिटे बसून वरीलपैकी एक गोष्ट शिकवावी, अशी नम्र विनंती आहे. यासाठी कोणतेही शुल्क अथवा नोंदणी नाही. शिकविणाऱ्याने ज्येष्ठांचा पिन विचारू नये व बँकेसंबंधीचे काहीही उघडू नये. ते काम घरच्या माणसांसमोरच व्हावे. ज्येष्ठांनीही संकोच न करता, न समजलेली गोष्ट दोनदा काय, दहादा विचारावी. ज्यांनी आपल्याला बोट धरून चालावयास शिकविले, त्यांच्या बोटाला आता आपण थोडा वेळ द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ
पलसाणा, जि. सुरत