मेरोपेनेमनंतरची पंधरा वर्षं

मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियन्सच्या संघटनेच्या मासिकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक छोटेखानी शोधनिबंध आला. आदल्या वर्षीच्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांना कार्बापेनेम गटातल्या औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचे २४ नमुने मिळाले होते आणि त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. एकच रुग्णालय, जेमतेम तीन महिने. याच गटातलं मेरोपेनेम तेव्हा आयसीयूतला शेवटचा आधार मानलं जाई. एनडीएम-१ हे विकर ते औषधच तोडून टाकतं. त्याचा जनुक प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो. म्हणून क्लेबसिएला या जिवाणूकडे असलेली ताकद ई. कोलायलाही मिळते. त्याच अंकात चेन्नईच्या डॉ. अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिक्सचा मृत्युलेखच लिहिला होता.

देश जागा झाला तो ऑगस्टमध्ये, ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकाने भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि ब्रिटनमधले नमुने एकत्र मांडले तेव्हा. जागा झाला तोही रागाने. विकराच्या नावात ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली कशासाठी, परदेशी रुग्णांना भारतापासून तोडण्याचा हा डाव तर नाही ना, यावर संसदेपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत काहूर उठलं. एखाद्या शहराच्या माथी असं नाव मारणं मलाही पटत नाही. पण मुंबईचा निबंध कोणा परक्याने लिहिलेला नव्हता. त्या दिवसांत बोलायला हवं होतं ते आयसीयूतल्या हातांबद्दल, नळ्यांबद्दल आणि सांडपाण्याबद्दल. २०११ मध्ये दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत हाच जनुक सापडला, तेव्हाही पुन्हा वादच झाला.

आयसीयूत हे जिवाणू का माजतात, ते तिथे काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टर सांगतील. रुग्णाच्या घशात व्हेंटिलेटरची नळी, मानेत सेंट्रल लाइन, लघवीला कॅथेटर. प्रत्येक नळी म्हणजे आत शिरायला एक वाट. ॲसिनेटोबॅक्टर हा जिवाणू तर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो. खाटेचा कठडा, मॉनिटरचं बटण, स्टेथोस्कोप, आणि या सगळ्यांना जोडणारे माणसाचे हात. रात्रपाळीत एकाच सिस्टरकडे तीन-तीन गंभीर रुग्ण असले, तर दर स्पर्शाआधी हात स्वच्छ करायला वेळ कुठून आणायचा? हा दोष तिचा नाही, नेमणुका करणाऱ्यांचा आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांचा अभ्यास झाला. जंतुदोषाला कारण ठरलेल्या जिवाणूंत ॲसिनेटोबॅक्टर सर्वांत पुढे, २२ टक्के. आजारी बाळांपैकी निम्म्याहून अधिक जणांना जंतुदोष जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच झाला होता. आईचं तोंडही नीट न ओळखणाऱ्या जिवाला पहिलं भेटतं ते औषधाला न जुमानणारं काहीतरी, हे वाचून आजही पोटात कालवतं.

मेरोपेनेम हरल्यावर डॉक्टरांनी कोलिस्टिन काढलं. हे १९५० च्या दशकातलं औषध मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून बाजूला पडलं होतं. दुसरं काही उरलं नाही, म्हणून ते परतलं. आपल्याकडे तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यातही जात होतं, तेही वजन वाढावं म्हणून! त्यावर बंदी आली २०१९ मध्ये, चीनमध्ये कोलिस्टिनला निकामी करणारा फिरता जनुक सापडल्यानंतर जवळपास चार वर्षांनी.

कायदे झाले. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्सच्या विक्रीवर बंधनं घालणारं शेड्यूल एच-१ लागू झालं, २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, पुढच्या वर्षी केरळने स्वतःचा केला. औषधाच्या दुकानावर लगाम हवाच होता. पण आयसीयूतली इंजेक्शनं मुळात डॉक्टरच लिहून देतात. कल्चर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्ण हातचा जाईल या भीतीने सर्वांत जबर औषधाने सुरुवात होते, आणि रिपोर्ट आल्यावरही ते बदलायला हात धजत नाही. या भीतीचं मूळ कोविडमध्ये ठळक दिसलं. आयसीएमआरने २०२० मध्ये दहा रुग्णालयांत पाहिलं, तेव्हा दुसरा संसर्ग झालेले रुग्ण शंभरात चारही नव्हते, पण त्यांतले निम्म्याहून अधिक दगावले.

मधल्या काळात नवी औषधंही आली. पण सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम अमेरिकेत पसरलेल्या केपीसी या विकराला रोखतं, आपल्या एनडीएमपुढे एकटं टिकत नाही. त्याच्या जोडीला ॲझ्ट्रिओनाम द्यावं लागतं. छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रात घडलेल्या झिडेबॅक्टम या नव्या औषधाकडून मला म्हणूनच मोठी आशा आहे.

तरीही औषधाआधी मला एक आकडा हवा आहे. हजार कॅथेटर-दिवसांमागे किती संसर्ग झाले, याची नोंद चांगली रुग्णालयं ठेवतातच. ती आयसीयूच्या दारावर, नातेवाईक बसतात तिथे, मराठीत लावायला हवी आणि दर महिन्याला बदलायला हवी.