कैद्याचे समाधान कोण मोजणार?

तुरुंगातल्या व्यसनमुक्तीचे यश मोजायचे तर कैद्यालाच विचारा, उपचाराने समाधानी आहेस काय? प्रश्न चांगला आहे. पण विचारणारा कोण? ज्याच्या शेऱ्यावर शिक्षेतली माफी अवलंबून, त्याच्यासमोर कोणता कैदी तक्रार करील? वकिलीत आम्ही हेच पाहत आलो. जेलर जवळ असला की सगळे ठीक. तो हलला की खरे बोलणे सुरू.

दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ साली गर्दच्या व्यसनींना ब्युप्रेनॉर्फिन देणे सुरू झाले. गर्द तुटली की हाडे मोडून येतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. जिभेखाली विरघळणारी ही गोळी तो त्रास थांबवते. गोळी लपवून विकली जाऊ नये म्हणून ती विरघळेपर्यंत पहारा लागतो. तो असावा, आमची हरकत नाही. पण सगळ्या बराकीदेखत 'ए गर्दुल्ल्या' अशी हाक मारून जर ती गोळी दिली, तर समाधान कशाचे? डोस पुरतो काय, सुट्टीच्या दिवशी मिळतो काय, दुसऱ्या तुरुंगात हलवले तर सोबत जातो काय, हे विचारा.

आणि सुटल्यावर? अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा २००७ सालचा अभ्यास सांगतो, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट होता. तुरुंगात शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन जुनीच मात्रा घेतली की खेळ खलास! तेथील ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये तुरुंगात तीन औषधे उपलब्ध केली, सुटल्यावर बाहेरच्या दवाखान्याशी गाठ घालून दिली. नुकत्याच सुटलेल्यांचे असे मृत्यू सहा महिन्यांत २६ होते. पुढच्या वर्षी त्याच काळात ९ झाले.

कैद्याचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दारात संपत नाहीत, हे सुनील बत्रा खटल्यात १९७८ सालीच ठरले. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ३९ खाली अल्प मात्रेत दोषी ठरलेल्या व्यसनीला शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडता येते. कलम ६४-अ खाली स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे. पण गरिबाच्या वतीने हे अर्ज करतो कोण?

आमच्या वकीलबांधवांना एवढेच सांगणे आहे. अशीलाची गोळी चालू असेल, तर पहिल्याच रिमांडला डॉक्टरची चिठ्ठी जोडा आणि औषध न तोडण्याचा लेखी आदेश मागा. जामिनाची तारीख नंतर पडेल. त्रास त्याच रात्री सुरू होतो.